गुडघ्यांच्या रांगेत

चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात
फिजिओथेरपीची खोली जिन्याखाली.
बाहेर बाकावर आठ गुडघे, दोन खांदे,
पट्ट्यातली एक मान,
आणि मी.

पदराखाली काय आहे
ते पदरालाच ठाऊक.
ओल्या गवरीसारखं जड,
आतून धुमसणारं.
एकोणीस दिवसांची बाळंतीण,
एकशे दोन ताप,
भर वैशाखात थंडी वाजून स्वेटर घातलेली
साऱ्या तालुक्यात मी एकटीच.

"तुनं काय दुखस वं माय?"
शेजारच्या बाबांनी विचारलं.
सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग,
मांडीवर काठी.
मी म्हटलं, "कंबर."
माझ्या कानावरचा रुमाल बघून ते म्हणाले,
"हां. बाळतपनमा कंबर जास."

घरी तीन दिवस इलाज झाले होते.
सासूबाईंनी फणी फिरवली वरून खाली,
मग विटेचा शेक, मग हळद.
चुलतसासूनं अंगठा रोवून पाहिला,
आढीतली कैरी पिकली का बघावं तसा.
मी उशी चावली.
कुणी म्हणालं, दुधाला दृष्ट लागली.
कुणी म्हणालं, पाजू नको आता, नासलंय ते.
आणि तो, अजून नाव नसलेला,
तोंड लावायचा, सोडायचा,
लाल होऊन रडायचा,
बंद दारावरून परतलेल्या पाहुण्यासारखा.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या
आणि चिठ्ठी दिली : जिन्याखाली, तडवी मॅडम.

मॅडमनी आधी पडदा ओढला.
मग पंखा कमी केला.
मग विचारलं, "हात लावू?"
तीन दिवसांत हे विचारणाऱ्या
त्या पहिल्याच.

लाल पट्टा बघितला, पपईच्या फोडीएवढा.
विचारलं, "घरी शेत आहे?"
केळी आहे म्हटलं. ठिबकवर.
"मग ऐक. तुला वाटतंय नळी तुंबली.
नळी नाही गं, भोवतालची जमीन सुजलीये.
सुजलेल्या जमिनीवर कुणी ट्रॅक्टर घालतं का?
पाणी ओसरू द्यायचं."

गार जेल. मी दचकले.
मशीनचं गोल डोकं फिरू लागलं,
सकाळपासून साऱ्या गावाच्या गुडघ्यांवरून फिरलेलं,
स्पिरिटनं पुसून आता माझ्यावर.
आवाज नाही, चटका नाही.
घड्याळात पाच मिनिटं उलटी मोजत होती.
मग त्यांची बोटं, काखेकडे,
इतकी हलकी
की मला वाटलं अजून सुरूच केलं नाही.
"एवढंच?" मी विचारलं.
"एवढंच," म्हणाल्या. "झोपलेल्या मांजरावरून
हात फिरवतेस ना? त्याहून कमी.
घरी गार फडकं. फणी केसांना.
आणि पाजत राहा. विष नाही ते, दूध आहे."

तेव्हा रडले मी.
दुखत नव्हतं म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा थोडा चढला,
सासूबाई म्हणाल्या, "बघ, मी सांगत होते."
पण फणी त्यांनी देव्हाऱ्यामागे ठेवून दिली,
कुणी न सांगता.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच बाक, तेच बाबा.
"कंबर कशी शे?"
काय झालं कोण जाणे,
मी म्हटलं, "बाबा, कंबर नाही.
दूध गाठलं होतं. छातीत."

आठ गुडघे गप्प झाले.
मानेचा पट्टा वळायला गेला, वळला नाही.
बाबांनी काठी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली.
"म्हंजे दगडी," म्हणाले हळूच.
"आमनी म्हैसले व्हयनी व्हती.
मी रातभर तिनाजोगे बठेल व्हतू.
भलतं दुखस वं ते."

हसावं की रागवावं ते ठरेना.
तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला.
ते उठलेच नाहीत.
"तू जाय पहिले," म्हणाले.
"मना गुडघा कोठे पयी जास."