कंसाआधीचं उणे

दहावीला गणितात मला बत्तीस पडले.
दुसऱ्या खेपेला चौतीस.
तिसऱ्या खेपेला सुटले, पण तो एक मार्क जिथे सांडला
ती जागा मला अजून डोळे मिटून सापडते:
कंस,
आणि कंसाआधी उणे.

म्हणून वीस वर्षं दिवाडीच्या या शाळेत
त्या वळणावर मी कंदील घेऊन उभी.
थांबा. चिन्हं पालटा. आतल्या उण्याचं अधिक करा.
पोरं पालटतात.
पास होतात, फेरी ओलांडून जातात,
कोणी बँकेत, कोणी बोटीवर.
मला वाटायचं, पडलेल्या माणसालाच खड्डे ठाऊक.
नार्वेच्या फेरीवरचा कायतानही तेच सांगायचा,
एका हातात सुकाणू, दुसऱ्यात पाव:
"जिथे रुतलो ना बाई, तिथलाच चिखल आपला."

मग तन्वेश च्यारी आला. आठवी, मागचा बाक.
तो माझ्या खड्ड्यापर्यंत पोचलाच नाही.
पहिल्याच ओळीत अडला.
एक तोटी टाकी सहा तासांत भरते,
दुसरी नऊ तासांत रिकामी करते.
"बाई, सकयली तोटी उगडी कोणें दवरल्या?"

वर्ग हसला. मीही, थोडीशी.
सोमवारी तेच. गुरुवारी तेच.
वही कोरी, वर तारीख मात्र सुबक.
सगळ्यांना उत्तर हवं होतं,
याला गुन्हेगार.
मी सूत्र दिलं. त्याने ते दारातच ठेवलं,
भिजलेली छत्री घरात घेत नाहीत तसं.

शनिवारी तक्रार घेऊन त्याच्या बापाकडे निघाले.
बांधावरून, चपला हातात, तन्वेश दहा पावलं पुढे.
बाप मानशीवर होता, गुडघाभर चिखलात, तोंडात खिळे.
मानशीची दारं म्हणजे शहाणी दारं:
ओहोटीला नदीकडे उघडतात,
भरतीला नदीच्याच भाराने मिटतात.
भरती होती. दारं मिटलेली.
तरी खालून करंगळीएवढं खारं पाणी
खाजनात शिरत होतं, भाताच्या मुळाशी.
"हे उघडं कोणी ठेवलं?" मी विचारून गेले.
"कोणी नाही. फळी कुजली," तन्वेश म्हणाला,
आणि तोंड तसंच उघडं ठेवून
गप्प झाला.

तक्रार तशीच परत आणली.

सोमवारी त्याने आपणहून खडू मागितला.
एका तासाने टाकी किती रिकामी उरेल?
एक, उणे, कंस,
कंसात एक छेद सहा उणे एक छेद नऊ.
कंस सोडवला
आणि आला. सरळ माझ्या जागी आला.
दोन्हीकडे उणे. उत्तर तेरा छेद अठरा.

वीस वर्षांचं वाक्य जिभेच्या टोकाशी होतं.
का कोण जाणे, गिळलं.
हाताची घडी घातली, ती सुटू नये म्हणून
कोपर घट्ट धरलं.

तो फळ्यापाशी वाकला,
बाप फळीपाशी वाकतो तसा.
"गळती नसती तर पंधरा छेद अठरा रिकामी.
गळतेय. म्हणजे आणखी रिकामी हवी.
मग कमी कशी झाली?"
कुणीच बोललं नाही. बाहेर कोणीतरी घंटा दिली.
त्याने दुसऱ्या उण्यावर एक उभी रेघ मारली,
खिळा मारावा तशी.
सतरा छेद अठरा.

चिन्हं पालटतात, हे मला पाठ होतं.
का पालटतात
ते मी कोणाला विचारलं नव्हतं,
आणि वीस वर्षांत मला कोणी विचारलं नव्हतं.
थांबा, म्हणायचे मी. ती थांबायची.
मग मीच हात धरून पलीकडे न्यायचे.

संध्याकाळी कायतानला सांगितलं.
त्याला कंस कळला नाही, गळती कळली.
म्हणाला, "चिखलही सरकतो बाई.
गेल्या साली रुतलो तिथे आता दोन पुरुष पाणी."
मग भोंगा दिला,
आणि फेरी रोजच्यापेक्षा
जराशी वरून वळवली.