समुद्र गोठला तर

रात्री कधीतरी, मी झोपेत असताना,
काळ्या खिडकीतलं ते प्लगइन कात टाकतं.
सकाळी हेल्टरमाच्या धक्क्यावरल्या कचेरीत
मी दिवा लावते, कॉफी ठेवते, टर्मिनल उघडते
आणि एक ओळ दारात उभीच असते:
नवी आवृत्ती बसवली. पुढे चला.

परवानगी एकदाच मागितली होती त्यानं,
दोन वर्षांपूर्वी, कुठल्याशा गुरुवारी.
मी घाईत होते, शेवटची फेरी सुटत होती.
होकाराचं एक अक्षर दाबलं
ते तेव्हापासूनच्या सगळ्या रात्रींना पुरलं.

तक्रार नाही. काम चोख आहे.
मी तीस वर्षं बोटींची वेळापत्रकं लिहिते;
सहायक माझ्यामागून चुका वेचत येतो,
आणि हे त्याच्या कानाशी बसून
मी कधीकाळी सांगितलेल्या बेटाच्या खोडी
त्याला पुन्हा सांगतं:
वारा वायव्येचा असेल तर दहाची फेरी धरू नकोस,
जूनमधल्या शेकोट्यांच्या रात्री गाड्या दुप्पट मोज.

ते लिहितो तार्तूचा कुणी राइगो.
मी त्याला पाहिलेलं नाही.
बदलांच्या यादीखाली त्याची वेळ असते,
पहाटेचे तीन, कधी पावणेचार.
झोप येत नाही त्याला, एवढीच आमची ओळख.

मार्चमध्ये तो नवी विद्या शिकवून गेला,
निजलेला कोड हुडकायची.
सकाळी सहायकानं अदबीनं विचारलं:
ओळ चारशे बारापासून पुढे
कितीतरी हिवाळे कुणी हाक मारलेली नाही.
काढून टाकू?

चारशे बाराव्या ओळीवर बर्फाचा रस्ता आहे.

बोटी थांबत, समुद्र दगड होई,
ज्युनिपरच्या फांद्या रोवून वाट आखत,
आणि माझा बाप काल्यो दुधाचा ट्रक घेऊन
सव्वीस किलोमीटर पाण्यावरून पलीकडे जाई.
पट्टा लावायचा नाही. वाटेत थांबायचं नाही.
पंचवीस ते चाळीसच्या मधे वेग ठेवायचा नाही,
बर्फाखाली लाट उठते.
एक तर हळू, नाहीतर सुसाट;
मधलं काही चालत नाही, तो म्हणायचा,
समुद्रावर आणि संसारात.
(आई हे ऐकून बटाटे जरा जोरात सोलायची.)

हे सगळं मी अठ्ठावन्न ओळींत बसवलं होतं.

नाही, म्हटलं.
दुसऱ्या दिवशी नवी कात, कोरी पाटी, तोच प्रश्न.
नाही.
तिसऱ्या दिवशी शब्द बदलले होते,
आता तो त्याला अडगळ म्हणत होता.
मग मी वर एक टीप लिहिली,
तीन शब्दांची: समुद्र गोठला तर.

चौथ्या सकाळी तो म्हणाला:
टीप वाचली.
ही अट अजून शक्य आहे का?

खिडकीबाहेर राखाडी पाणी हलत होतं,
खांबावर एक समुद्रपक्षी पंख वाळवत.
यंत्राला टोमणा मारता येत नाही, हे मला कळतं.
तरी मी उठले, कॉफी ओतून दिली, परत बसले,
आणि खोटी तारीख घातली: सोळा फेब्रुवारी.
तपमान उणे एकोणीस. जाडी बत्तीस सेंटिमीटर.
हातानंच हाक मारली त्याला.

रस्ता खुला, तो पडद्यावर बोलला,
जसा परवाच झोपला होता.
पट्टा लावू नये.
पुढच्या गाडीपासून अंतर ठेवावे.

त्या संध्याकाळी राइगोला लिहिलं,
तुमच्या विद्येत एक अपवाद हवा.
कारण लिहायला गेले, तीनदा खोडलं,
तसंच पाठवलं.

आज यादीत नवी ओळ होती, वेळ तीन चाळीस:
काही कोड वाट पाहत असतो.
'राखून ठेवा' अशी खूण असेल तिथे विचारू नये.

कारण त्यानं विचारलं नाही.
त्याचं आजोळही एखाद्या बेटावर असावं.

पाणी आज चार अंशांवर आहे.
दहाची फेरी वेळेवर सुटली.