सत्तर पानांचा पुडा

सिरोंच्याच्या वरच्या अंगाला, प्राणहितेच्या काठी
आमची तेंदूची फळी लागली होती.
मी मुनशी, ब्रह्मपुरीचा. तेलुगू येत नाही.
सत्तर पानं, एक पुडा : एवढंच माझं व्याकरण.

रात्री ओदेलू जाळं विणायचं थांबवून
लाल फडक्यातली पोथी सोडायचा.
कवी शेकडो वर्षांपूर्वीचा. नाव सांगितलं त्यानं,
माझ्या कानात ते राहिलं नाही.
राहिलं ते लसमक्कानं मराठी केलेलं :
"बाकीचे पुराणातून पाणी आनत.
यानं आपल्याच आंगनात हीर खोदली."

पद्य गायचा, मग एकदम गद्य,
बैलबंडी दगडावरून वाळूत उतरावी तसं.
तेवढं मलाही कळायचं.
बाकी लसमक्काच्या तोंडून, तुटकतुटक :

एक बाई गोष्ट आयकून रायली.
गोष्टीत एक बाई हाये.
ते तेच हाये.
पन तिले ते अजून झालं नाही.
व्हाचं हाये.

पुडे बांधणारे हात थांबले.
भीमन्नाची विडी विझली, त्याच्या ध्यानात आलं नाही.
मी माझी वही पाहिली, कंदिलाखाली :
सोमवार, त्याखाली मंगळवार,
सगळ्या तारखा शहाण्या पोरांसारख्या रांगेत.
आणि या माणसानं, कोण जाणे कुठल्या दिव्यापाशी बसून,
उद्याचं पान कालच्या खाली सारलं
आणि पुडा सुटला नाही!

लसमक्काची पोसक्का, चौदा वर्षांची,
पेंगत होती असं वाटलं होतं, ती म्हणाली,
"मंग ते बाई उठून गेली काऊन नाही?"
आईनं तेलुगूत विचारलं.
ओदेलूनं ओळीवर बोट ठेवलं, उचललं,
मागच्या पानावर गेला, परत आला.
बराच वेळ नुसती नदी ऐकू येत होती.
मग काहीतरी बोलला, अगदी थोडं.
लसमक्का हसली. "म्हनते,
तिले बी शेवट आयकाचा होता."

सकाळी ठेकेदाराचा माणूस आला.
ढिगातला नेमका एकच पुडा उचलून त्यानं मोजला.
एकोणसत्तर.
मी पोथीकडे पाहिलं नाही.
लाल फडक्यातून एक हिरवा देठ बाहेर आला होता,
जिथे ती बाई
अजून ऐकत बसलेली आहे, तिथेच.

"मोजण्यात चुकलो," मी म्हटलं,
आणि माझ्याच अक्षरात लिहिलं :
पुडा एक. पान कमी एक.
कारण : मुनशी.