टॉवेल टाकलेली जागा

मागच्या वेळी साडेसातशे गेले.
नव्या पेठेत, दवाखान्यासमोर,
अर्धं चाक पांढऱ्या पट्टीबाहेर.
टोइंगवाल्यांनी गाडी उचलली तेव्हा
मागच्या सीटवर अम्माची काठी होती,
एक्सरेचं पाकीट, डब्यात भाकरी न् शेंगाचटणी.
अम्मा तापलेल्या पायरीवर दीड तास.
मी रिक्षाने गाडीमागे, पावतीमागे, साहेबाच्या सहीमागे.
परत आलो तर म्हणाली,
"काठी तरी आणलीस का?"

म्हणून या वेळी तीन दिवस आधीच
फोनवर जागा घेतली.
बुधवार, चार दहा ते पाच चाळीस.
नंबर सत्तावीस. साठ रुपये कापून गेले.
हिरवी खूण आली ती अम्माला दाखवली,
दहावीचा निकाल दाखवला होता तशी.
तिने चष्मा वर केला. "पैसे कुणाला दिलेस?"
कंपनीला.
"ती कुठं बसते?"
माहीत नाही.
"मग जागा राखतंय कोण?"

चार वाजून आठ मिनिटांनी पोचलो.
जागा राखली जात होती.
मधोमध एक टॉवेल अंथरलेला,
चार कोपऱ्यांवर शहाबादी फरशीचे चार तुकडे,
आणि शेजारी पालथ्या बादलीवर
एक म्हातारे गृहस्थ, पानाचं देठ खुडत.
मी काच खाली केली. फोन दाखवला.
त्यांनी टॉवेल दाखवला.
"दोनपासून बसलोय. लेक येतीय अक्कलकोटहून.
टाके ओले हायत तिचे, लांबून चालवत नाही."
माझं बुकिंग आहे, मी म्हणालो.
"मग हे काय हाय?"

मागे दोन रिक्षा आणि सुताचे कोन लादलेला एक टेंपो
हॉर्न दाबून धरलेले.
खरं सांगतो, मला उत्तर सुचलं नाही.
मी याच गावात वाढलोय.
एसटीच्या खिडकीतून आधी टॉवेल आत फेकायचा,
मग दारातून सावकाश चढायचं.
पंगतीत, नळावर, सिव्हिलच्या बाकावर,
टॉवेल पडला की जागा झाली.
तो उचलून बाजूला टाकणारा
मला अजून भेटलेला नाही.

अम्मा उतरली. "आगु रा," मला म्हणाली, थांब.
काठी टेकत गेली, गुडघ्यांनी वाकू दिलं तेवढी वाकली
आणि टॉवेलची दशी चिमटीत धरली.
"गाठ उलटी आहे," म्हणाली.
"आमच्यात पोशव्वा डावखुरी होती. तिची अशीच पडायची.
डझनामागे दहा पैसे कापायचा मालक."
म्हाताऱ्यांनी पहिल्यांदाच तो टॉवेल नीट पाहिला.
"आहेरात आलेला," म्हणाले. "कुणाच्या, ते आठवत नाही."
मग अम्मा सरळ खोटं बोलली:
"आमचं दहा मिनिटांत होतंय."
डॉक्टर कुणालाच दहा मिनिटांत सोडत नाहीत.
हे त्यांनाही माहीत असणार.

त्यांनी फरशीचे तुकडे एकेक उचलले.
टॉवेल झटकला. मी गाडी आत घेतली.
इंजिन बंद केलं न केलं
तोच त्यांनी तो टॉवेल माझ्या बॉनेटवर अंथरला,
दोन्ही हातांनी सुरकुत्या काढून,
आणि पुन्हा बादलीवर बसले.

पाच तीसला फोन थरथरला:
तुमची वेळ संपत आहे. वाढवायची का?
अम्मा एक्सरे टेबलावर होती. मी काहीच दाबलं नाही.
खाली आलो तेव्हा पाच सत्तावन्न.
टोइंगची गाडी पंचवीस, सव्वीस करत आली होती.
दोरवाला पोरगा बॉनेटकडे बघत उभा,
आणि म्हातारे त्याला सांगत होते,
"आलेत ते. माझ्या आधीचे हायत."

कोपऱ्यावर एक जुनी ओम्नी इंडिकेटर लावून,
खिडकीत उशी पोटाशी धरलेली बाई.
अम्माने तिला हात केला.
मी गाडी मागे घेतली.
पुढची चाकं अजून पट्टीवरच होती
आणि टॉवेल पडलेला होता.