घरच्या हवेला येईपर्यंत

मे महिन्यात मी लॅपटॉप रजईत गुंडाळतो
तेव्हा विभावरी दारात उभी राहून हसते.
पंचेचाळीस डिग्रीत रजई? उन्हानं डोकं फिरलंय तुमचं.
रजई ऊब देत नाही गं, मी सांगतो,
ती आतलं आत ठेवते, बाहेरचं बाहेर.
मग ती हसायची थांबते.
का, ते मी विचारत नाही,
डबऱ्याला नऊच्या आत पोचायचं असतं.

हे सगळं मला कुशवाहनं शिकवलं.
पडावला पुलाखाली त्याचं हातभर दुकान.
मागल्या उन्हाळ्यात गोदामाच्या आवारात
मोटारसायकलच्या पेटीत लॅपटॉप राहिला, दोन तास.
तळाचं झाकण वर आलं होतं,
तव्यावरची पोळी फुगावी तसं.
त्यानं बॅटरी अलगद काढली, वाळूच्या बादलीत निजवली,
आणि म्हणाला, साब, ये भी जानवर है, छाँव माँगता है.

चालू असताना गादीवर नको, खालून श्वास कोंडतो.
कूलरच्या तोंडासमोर नको,
खसातून येतं ते वारं नाही, पाणी असतं.
तापून आला तर फ्रिजमध्ये ठेवायचा शहाणपणा तर नकोच नको,
एका वकिलानं केला होता.
आणि थंडीत...
इथे त्यानं स्क्रू फिरवणं थांबवलं,
बाहेरून आणल्यावर आते ही चालू मत करना.

मी धान्याची ओल मोजणारा माणूस.
पोत्यात परखी खुपसायची, मूठभर दाणे यंत्रात टाकायचे,
आकडा चढला की पोतं बाजूला.
बावीस वर्षं.
तरी हे मला दुसऱ्यानं सांगावं लागलं
की गार वस्तू एकदम उबेत आणली
की घरचीच हवा तिच्यावर पाणी होऊन बसते.

जानेवारीतली रात्र. झाशी रोडवर धुकं असं
की पुढचा ट्रॅक्टर नुसता ऐकू येत होता.
लश्करात शिरलो तरी किल्ला जागेवर नव्हता.
पेटीत लॅपटॉप, वर गजकाचं खोकं.
कंपूतल्या घरात पाऊल टाकलं
आणि चष्मा पांढरा झाला.

धानाचा अहवाल बाराच्या आत जायला हवा होता. नऊ वाजले होते.
पिशवीत हात घातला, झाकण पहाटेच्या नळासारखं गार.
चष्मा पुसता पुसता थांबलो.
काचेवर आलंय ते त्याच्या आतही येईल.
पिशवी तशीच मिटून टेबलावर ठेवली.

आता करायला काहीच नव्हतं.
विभावरी शेगडीपाशी मटार सोलत होती,
मी समोर बसलो, एक शेंग उचलली.
बराच वेळ नुसता शेंगा फुटण्याचा आवाज.
एकीत अळी निघाली,
ती तिनं माझ्या दाण्यांत टाकली.
बहुधा विनोद होता.

मग म्हणाली, शिवपुरीच्या शाळेत बदली मागितली होती. आली.
दिवाळीपासून सांगायचं होतं.
तुम्ही आलात की ते उघडता.

ऑर्डर कुठाय, दाखव, न विचारता कशी मागितलीस,
सगळं ओठापर्यंत आलं
आणि पुलाखालचं ते बोट आठवलं,
स्क्रूवर थांबलेलं.
एक शेंग सोलली. दुसरी सोलली.
तिथे थंडी जास्त असते का गं?

असते, ती म्हणाली. रजई मी नेणार.

पावणेदहाला तिनंच आठवण केली,
झाला असेल तुमचा तो. बघा तरी हात लावून.
मी उठलो, पिशवीत तळहात टेकवला.
कोरडा होता, कोमट,
घरातल्या पाटासारखा घरचा झालेला.
अजून गार आहे, मी म्हणालो,
आणि मटारांची दुसरी पिशवी
माझ्याकडे ओढली.