दांडी

नव्वद किलोनं काही केलं नाही मला.
तळहाताला खडू फासून, पट्टा आवळून
उचलले होते, खाली ठेवले होते,
वर आरशात स्वतःकडे बघून हसलेही होते.

केलं ते लेकीच्या एका मोज्यानं.
पलंगाखाली गेलेला, पिवळा.
वाकले, आणि आतून कुणी
करकचून गाठ मारावी तसं झालं.
मग मोज्याशेजारीच पडून राहिले
शाळेची बस निघून जाईपर्यंत.

एमआरआयची फिल्म स्वयंपाकघराच्या खिडकीला धरली.
चौथा मणका, पाचवा मणका,
मधली गादी मागे सरकलेली,
आणि तिच्याच आरपार पारसिकचा डोंगर,
खाणीनं खाल्लेला.
कुठलं हाड कुणाचं, क्षणभर कळेना.

आठ महिने दांडी.
फरशीवर चटई, गुडघ्यांखाली लोड,
शिंक येतेय वाटलं की आधी भिंत धरायची.
बुटाची नाडी लेक बांधायची
जीभ बाहेर काढून, दोन कान करून,
मी वरून तिचा वाकडा भांग बघायचे.

मोडेन पण वाकणार नाही,
हे आमच्या घरात मिठासारखं होतं.
बाबा माथाडी. वाशीच्या मार्केटात
कांद्याच्या गोणी पाठीवर.
पाठ दुखते, असं कधी ऐकलं नाही त्यांच्या तोंडून.
फक्त रात्री भिंतीला टेकून जेवायचे,
ताट मांडीवर घेऊन.
सवय असेल, वाटायचं.

निलोफर फिजिओ माझ्या पाठीला झाडूची काठी लावते.
डोकं, पाठ, माकडहाड,
तिन्ही जागा काठीला चिकटलेल्या हव्यात.
"आता वाका. कमरेतून नाही, खुब्यातून.
दार कसं बिजागरीवर फिरतं, तसं."
चाळिशीत मी वाकायला शिकले.
पहिले पंधरा दिवस तेही कुरकुरतच.

आज घणसोलीतली तीच तळघरातली जिम,
तोच रबराचा वास.
हसुरामदादा, गोठिवलीचा, एके काळी संघाचा डावा कोपरा,
स्वतःच्या गुडघ्याला पट्टी बांधून बसलेला.
"दांडी मारलीत ना? घ्या मग, दांडीच घ्या."
नुसती. दोन्ही बाजूंना काही नाही.

मागे एक पोरगं प्लेट छातीशी धरून उभं:
"मॅडम, वजन लावणारे का?"
नाही रे.

खडू लावलाच. वीस किलोला कोण लावतं?
श्वास पोटात. खुबा मागे.
दांडी नडगीला घासत वर आली
आणि मणका काही बोलला नाही.
तो बोलेल म्हणून मी थांबले.
पंख्याचा आवाज, कुणाची तरी मोजणी,
सात, आठ,
आणि तो गप्पच.

वहीत हसुरामदादानं तारीख घातली. वीस. पाच वेळा.
मागचं पान मी उलटलं नाही.

उलटलं, खरं सांगायचं तर.
घरी आल्यावर,
भिंतीला टेकून.