भोकं असलेली भाजी

आई भगूरहून पाटी घेऊन निघायची,
मी मागे, पिशवीत वजनं.
देवळाली कॅम्पात सतरा नंबरच्या बराकीत
जेठीबाई राहायची. गोणपाटाच्या पडद्याअलीकडे पाच जण,
पलीकडे दुसऱ्यांचे सात.
आमची भाषा तिला येत नव्हती.
पाटीतलं एकेक उचलून वास घ्यायची,
मुळा, घेवडा, वालाच्या शेंगा,
आणि मान हलवायची.

एकदा तिनं चुलीपुढच्या राखेत
बोटानं एक गोल काढला,
गोलात बारकी बारकी भोकं.
"बिह," म्हणाली. "बिह."
आई रात्रभर विचार करत राहिली.
सकाळी भेंडी नेली, आडवी कापून दाखवली:
ही घ्या. भोकं.
जेठीबाई हसली.
कराचीची बोट सोडल्यापासून पहिल्यांदा,
असं तिचा नवरा मुरिजमल पुढे कितीदा तरी सांगायचा.
भेंडी घेतली तिनं. पैसे उद्या.

ते कमळाचं मूळ होतं, हे मला
चौथीत गेल्यावर कळलं.
दारणेत कुठली कमळं?
दारणेचा मासा तिनं एकदाच तळला
आणि ताट सरकवून ठेवलं.
काटे पल्ल्यासारखेच, म्हणाली, मासा दुसराच.

रेशनला गहू आला की कोकी,
कांदा घातलेली, जाड.
नाही आला की आईनं शिकवलेली भाकरी.
पहिल्या तीन मोडल्या. चौथी फुगली.
मुरिजमल ती हातात घेऊन
निवेपर्यंत बसून राहिला.

तिच्या दारात गेलं की आधी पापड, मग पाणी.
बाजेवर वाळलेले, मिऱ्यांचे.
आई किती दिवस नको नको म्हणाली,
मग एका वैशाखात खाल्ला, उभ्याउभ्याच.
तेव्हापासून आमच्या घरी
पाव्हण्यांचं गूळपाणी बंद झालं.
आजी मरेपर्यंत कुरकुरत होती.

परवा तिचा नातू उल्हासनगरहून
कमळकाकडी घेऊन आला.
मी बसले होते तिथेच.
सुनेनं जुन्या रीतीनं शिजवली,
राखेतला गोल, भोकं तश्शीच.
नव्वदीपुढची जेठीबाई, एक फोड
तोंडात धरून राहिली कितीतरी वेळ.
मला वाटलं, रडते की काय.

"सपक झालंय गं," म्हणाली, आमच्या भगूरच्या हेलात,
"दाण्याचं कूट घाल. अन् चिमूटभर काळा मसाला."

सून माझ्याकडे बघायला लागली.
मीच उठले. डबा कुठल्या फळीवर असतो
ते मला ठाऊक आहे.